डिस्चार्ज बुकातलं आईचं नाव दुरुस्त झालं : बावडा रोडच्या सुभेदार साहेबांच्या केंद्राचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. रिव्ह्यू लांब झालाय पण ज्यांच्या घरात जुनी मिलिटरी पेन्शन आहे आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या कागदावर) आईचं नाव काय छापलंय ते कधी बघितलेलं नाही, त्यांनी वेळ काढून वाचावा ही मनापासून विनंती.

गाळा कोल्हापुरात कसबा बावडा रोडला आहे, नव्या कोर्टाकडं जाताना. दुकानाला नाव असं काही नाही, पांढऱ्या पत्र्यावर निळ्या रंगात 'माजी सैनिक : पेन्शन, डिस्चार्ज बुक, स्पर्शची कामे' एवढंच लिहिलंय (डिस्चार्ज बुक म्हणजे रिटायर होताना मिळतं ते नोकरीचं पुस्तक, स्पर्श म्हणजे मिलिटरी पेन्शनचं सरकारी पोर्टल), त्यामुळं मॅपवर सापडत नाही, तिथं कुणालाही सुभेदार साहेबांचं केंद्र कुठं म्हणून विचारा. साहेब आर्मीत क्लार्क होते, सगळी नोकरी कागदात गेली, रिटायर होऊन आता हेच काम करतात. सोबत भाचा असतो तो कॉम्प्युटरचं बघतो.

आम्ही ह्या भानगडीत पडलो ते आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळं. काका माजी सैनिक, दीड-दोन वर्षांमागं वारले, तेराव्यानंतर मुलानं फॅमिली पेन्शनचे कागद भरले आणि उत्तर आलं की पीपीओवरची बायको आणि आधारवरची बायको ह्यांची नावं जुळत नाहीत. चौदा महिने एक रुपया आला नाही. दोन म्हशी होत्या त्यातली एक विकली. काकूंचं वय सत्तरच्या पुढं, चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याची बायको मीच म्हणून पुरावे गोळा करत हिंडायची वेळ आली. हे डोळ्यासमोर बघितलं आणि त्याच आठवड्यात मी आबांची ट्रंक उघडली.

आबा १९६८ ला भरती झाले, १९८४ ला नाईक ह्या हुद्द्यावरनं रिटायर होऊन घरी आले. आता ७६ वय आहे. ट्रंक म्हणजे ती काळी पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. त्यात मेणकापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. घरात आम्ही तिघं भावंडं शिकलो, मी स्वतः शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायचंच काम करतो, पण हे बुक कुणी नीट वाचलंच नव्हतं. फॅमिलीच्या पानावर आईचं नाव होतं पण पहिल्या अक्षरात 'व' च्या जागी इंग्रजीत 'बी' घातलेला आणि शेवटी 'देवी' जोडलेलं. आमच्या सात पिढ्यांत कुठल्या बाईच्या नावापुढं देवी नाही. जन्मतारखेचा रकाना कोरा. आणि मागं मेडलच्या पानावर काहीच नाही, आडवी रेघ मारून ठेवलेली. तेच सगळं पुढं पीपीओत उतरलं आणि पीपीओतनं स्पर्शला.

आबांना विचारलं तर म्हणाले, लग्न करून सुट्टीवरनं परत गेलो, ऑफिसात जाऊन तोंडी सांगितलं, समोरच्या बाबूनं त्याला ऐकू आलं तसं लिहून घेतलं, सही कर म्हणाला, मी केली. विषय संपला.

आता इथं आमची चूक सांगतो, तुम्ही करू नका. आधी आम्ही दुसऱ्याच एका एजंटाकडं गेलो. नाव लिहीत नाही. तो म्हणाला रेकॉर्ड ऑफिसच्या नादाला लागू नका, वर्ष वर्ष जातं, त्यापेक्षा आईचं आधारच पीपीओसारखं करून टाकूया, आठ दिवसात काम. साडेतीन हजार घेतले आणि पेन्शनचे कागद जोडून खरंच करून दिलं. आम्हाला वाटलं झालं. मग बँकेत केवायसीला आई गेली तर नाव जुळेना, रेशन कार्ड जुळेना, गॅस वेगळ्या नावावर, माहेरच्या सातबाऱ्याला आईचं नाव लागलंय ते वेगळंच. म्हणजे मिलिटरीतली एक चूक दुरुस्त करायच्या नादात आईचं बाकीचं सगळं आयुष्य चुकीचं करून ठेवलं. त्यात आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, त्यातली नावाची एक संधी अशी गेली. मला आठ दिवस झोप लागली नव्हती.

सुभेदार साहेबांचा पत्ता आर्मी कँटीनच्या लाईनीत आबांना कुणीतरी दिला.

पहिल्या दिवशी साहेबांनी फॉर्म काढला नाही, पैशाचं बोलले नाहीत. आबांना म्हणाले बसा, नंबर सांगा. आबांना स्वतःचा मोबाईल नंबर पाठ नाही पण आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट हिंदीत घडाघडा म्हटला, बसल्या जागी पाठ ताठ झाली. साहेबांनी तो डिस्चार्ज बुकशी लावून बघितला, मग पीपीओशी, मग स्पर्शच्या प्रिंटशी. नंतर टेबलावरचं सगळं बाजूला करून आमचे कागद ओळीनं मांडले, डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ, आधार, पॅन, ईसीएचएसचं म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड, बँक पासबुक, रेशन कार्ड, आणि लाल पेन्सिलनं प्रत्येकावर आईच्या नावाला गोल केला. सात कागदांवर चार वेगळी नावं निघाली. आई शेजारीच बसलेली, तिच्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं नाव तुम्ही सांगा, कागद राहू दे." तिनं सांगितलं. ते त्यांनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, खाली इंग्रजी स्पेलिंग लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि म्हणाले आता इथनं पुढं जगातला प्रत्येक कागद ह्याच्यासारखा झाला पाहिजे, हा कागद दुसऱ्या कागदासारखा होणार नाही.

मग त्यांनी जे समजावलं ते इथं लिहितो, कारण बहुतेकांना हेच माहीत नसतं. जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे हुद्द्याचे) ह्यांचं मूळ रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, महारचं सागरला, एएससीचं म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचं बेंगळुरूला. आबांचं दूर उत्तरेत आहे. तिथनं दुरुस्तीचा कागद निघाला की तो जातो प्रयागराजला, पीसीडीए पेन्शन ऑफिसला म्हणजे मिलिटरी पेन्शनच्या हिशोब खात्याला, आणि ते दुरुस्तीचा पीपीओ काढतात, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. मग ते स्पर्शला दिसतं. म्हणजे पाणी वरनं खाली येतंय. लोक काय करतात तर खाली स्पर्शवर तक्रार टाकतात, बँकेत भांडतात. पूर्वी पेन्शन बँकेतनं निघायची म्हणून बँकवाला काहीतरी करंल असं वाटायचं, आता तर पेन्शन स्पर्शवरनंच येते, बँकेचा संबंध फक्त खात्यापुरता. रेकॉर्ड ऑफिसात नाव चुकीचं आहे तोवर खाली कितीही रंग मारा, परत तेच उगवतं.

नाव चुकायची कारणंही त्यांनी सांगितली आणि ती सगळी आपल्या घरातलीच आहेत. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, त्यामुळं शाळेत एक नाव आणि सासरी एक. घरात तिसरंच, आक्का, ताई, माई, आणि जवानानं फॉर्मवर तेच सांगितलेलं. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव असं लिहितो, तिकडं काही ठिकाणी आडनाव आधी घेतलं तर आडनावच नाव होऊन बसतं. हिंदी भागातला लिहिणारा असला तर बाईच्या नावापुढं देवी लावणं त्याच्या दृष्टीनं मानाचं, त्यात त्याचा काही वाईट हेतू नाही. व चा ब पण तिकडच्या बोलण्यातनंच आलेला. साहेब म्हणाले सैनिक टाकळीपासनं चंदगडपर्यंत जुन्या जवानांच्या बुकात मला हे दिसतंय. ऐकून आबांच्या मनावरचं ओझं जरा हललं असं मला वाटलं, कारण तोवर ते स्वतःलाच दोष देत होते की मी सही करताना वाचलं का नाही.

जन्मतारखेचं मात्र खरं काम होतं. आधारवर आईची तारीख १ जानेवारी १९५६, म्हणजे कार्ड काढताना नुसतं साल सांगितलेलं आणि तेही अंदाजानं. मी म्हटलं हीच घालून टाकूया, कशाला वाढवायचं. साहेबांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर ८० वर्षांचा झाला की पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर दुप्पट. तारीखच नसली तर ती वाढ लागायला परत भांडण, आणि खोटी तारीख असली तर एक तर नुकसान नाहीतर पुढं वसुली. "फायद्याची नको, खरी शोधा," एवढंच बोलले आणि आम्हाला आईच्या माहेरी भुदरगड तालुक्यात पाठवलं.

शाळेत हेडमास्तरांनी कपाटातनं जुनं जनरल रजिस्टर काढलं, कडा झिजलेल्या, पानांना हळद लागल्यासारखा रंग आलेला. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आणि तारीख ९ मार्च १९५३. शेरा म्हणून 'घरकामासाठी शाळा सोडली'. ते वाचताना आई काही बोलली नाही, फक्त पान उलटायला हात पुढं केला आणि आपल्या आधीची-नंतरची नावं वाचत बसली, कोण कुठं दिली, कोण आहे कोण नाही. नंतर गारगोटीला तहसीलमधनं कोतवाल बुकाची नक्कल काढली, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. कुणबी नोंदी शोधताना लोकांनी २०२३ पासनं हीच बुकं धुंडाळलीत त्यामुळं तिथल्या क्लार्कला लगेच कळलं काय पाहिजे. त्यात मुलीचं नाव नसतं, नुसतं वडिलांचं नाव आणि मुलगी झाली एवढीच नोंद. पण तारीख तीच, ९ मार्च. शाळेच्या पानावर नाव आणि तारीख, कोतवाल बुकात बाप आणि तारीख, दोन्ही एकमेकाला धरून उभे राहिले. १९५६ ठेवलं असतं तर आईची ऐंशी सरकारी हिशोबात जवळजवळ तीन वर्षं उशिरा भरली असती.

आधार परत मूळ नावावर आणायची शेवटची संधी होती. भाच्यानं स्पेलिंग आईच्या समोर एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, मग मला वाचायला लावलं, मग आमच्या मुलीला फोनवर, आणि मगच आम्हाला आधार केंद्रात पाठवलं. हे मला फार आवडलं.

पुढचे कागद आमच्या केसमध्ये असे लागले. आबांचा अर्ज, फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोरचं अॅफिडेव्हिट की सात कागदांवरच्या ह्या चारही नावांची बाई एकच आहे आणि ती माझी बायको आहे, दोन पेपरात जाहिरात एक मराठी एक इंग्रजी, दोघांचा जॉइंट फोटो, आधार-पॅनच्या सह्या केलेल्या झेरॉक्स, डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, आणि ह्या सगळ्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. अॅफिडेव्हिटचा मजकूर साहेबांनी स्वतः लिहिला. मी आधी टायपिंगवाल्याकडनं एक करून नेलेलं त्यात नुसतं 'नावात बदल केला आहे' असं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. म्हणाले बदल केला म्हटलं की ते गॅझेट मागतात. वहिनींनी नाव बदललेलं नाही, लिहिणाऱ्याची चूक झाल्या, तेवढंच लिहायचं. एका वाक्यानं काम कुठनं कुठं जातं बघा.

स्पीड पोस्टनं गठ्ठा गेला, पावती त्यांनी स्वतःच्या रजिस्टरला चिकटवली. दोन महिन्यांनी तिकडनं ऑब्झर्व्हेशन म्हणजे त्रुटीचा शेरा लावून सगळा गठ्ठा परत. कारण काय तर आबांची सही जुन्या सहीशी जुळत नाही. १९६८ ला एकोणीस वर्षांच्या पोरानं केलेली सही आणि आता हात थरथरतोय त्या माणसाची सही कशी जुळणार? मी वैतागलो, घरात आवाज चढला, आबा तर म्हणाले राहू दे आता, माझ्या माघारी बघा तुम्ही. साहेबांकडं गेलो तर ते शांत. परत आलंय म्हणजे कुणीतरी वाचलंय, ही चांगली गोष्ट आहे म्हणाले. सहीसोबत डाव्या हाताचा अंगठा घेतला, दोन्ही अधिकाऱ्यासमोर अटेस्ट करून आणायला सांगितलं, ऑब्झर्व्हेशनच्या पत्राचा नंबर वर टाकून परत पाठवलं. ह्या दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर पाच महिने गेले. मी मधे दोनदा म्हटलं आरटीआय टाकूया, दहा रुपयाचं काम. ते म्हणाले आरटीआयनं कागद कुठं आहे ते कळतं, कागद पुढं सरकत नाही, आधी स्मरणपत्र पाठवू, तीन महिने उत्तर नाही आलं तर मी स्वतः आरटीआय लिहून देतो. स्मरणपत्रावरच काम झालं.

आता मेडलचं. खरं सांगायचं तर आबांना आईच्या नावाइतकंच हे लागलेलं. १९७१ ला आबा बावीस वर्षांचे, पश्चिमेच्या बॉर्डरवर होते. त्या युद्धाचं संग्राम मेडल घरात आहे, लहानपणी दिवाळीत आम्हाला दाखवायचे आणि परत डबीत. पण बुकाच्या पानावर आडवी रेघ. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नाही की हे पान कोरं आहे, त्या दिवशी साहेबांनी पान उलटलं तेव्हा खाली मान घालून बसले. साहेबांनी मेडल घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेलं तर त्यांनी भिंगाखाली मेडलची कड फिरवत धरली. कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं, काळं पडलेलं. मेडलला अशी कड असते हे मला पन्नाशीला आलो तरी माहीत नव्हतं. साहेबांनी नंबर मोठ्यानं वाचला आणि आबांनी बसल्या जागेवरनं शेवटचं अक्षर पुरं केलं. मग साहेब म्हणाले, "आबा, मेडल खोटं बोलत नाही, पान अपुरं राहिलंय." त्यासाठी वेगळा अर्ज केला, कडेचे चार फोटो जोडले, पश्चिमी स्टारसाठीही विचारणा केली कारण पश्चिम आघाडीवर असलेल्यांना तो होता आणि आबांना तो कधी मिळालाच नाही. ह्याचे पैसे विचारले तर साहेब नको म्हणाले. हे काम अजून झालेलं नाही, अर्ज पोचल्याचं पत्र आलंय. आबा पोस्टमनची वाट बघतात. ह्या कामासाठी मी स्टार कापलेला नाही कारण ते साहेबांच्या हातात नाही.

तिथं बसल्या बसल्या बाकीच्यांची कामंही बघितली. आजऱ्याकडची एक म्हातारी आई आलेली, तिचा मुलगा जन्मापासनं अपंग, चाळिशीचा, नवरा माजी सैनिक आणि अंथरुणाला. मुलाचं नाव रेकॉर्डला नाहीच, तो नवरा रिटायर झाल्यावर जन्मला. अशा मुलाला आईबापाच्या माघारी फॅमिली पेन्शन चालू राहू शकते, पण त्याचं नाव आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट आधी रेकॉर्डला जायला पाहिजे. साहेबांनी तिला चहा सांगितला आणि आमचं काम अर्धवट ठेवून आधी तिचं घेतलं. आम्हाला थांबावं लागलं दीड तास, पण मी त्याबद्दल काही बोलणार नाही, नवरा हयात असताना तिचं काम होणं जास्त गरजेचं होतं. विधवा किंवा घटस्फोटित मुलीचंही असंच, नाव नोंदलेलं नसलं तर पुढं फार त्रास होतो. लेकरं पेन्शनीनंतर झाली असतील तर आजच बघा नाव चढवलंय का.

आता काय पटलं नाही ते. केंद्र सकाळी साडेदहा ते दीड एवढंच उघडं, सोमवार बंद, आणि फोन उचलत नाहीत. तीनदा मी शिरोलीवरनं हाफ डे टाकून गेलो आणि त्यातल्या एका दिवशी कुलूप. बाहेर बोर्डावर आज बंद एवढं जरी लिहिलं तरी लांबनं येणाऱ्या माणसाचे हाल वाचतील, चंदगडवरनं पहाटेची एसटी धरून येतात लोक. खुर्च्या चारच आहेत आणि येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. झेरॉक्स मशीन नाही, प्रत्येक वेळी पलीकडं पळावं लागतं आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक हातात घेऊन रस्ता ओलांडताना मला भीतीच वाटायची. एवढ्यासाठी अर्धा स्टार.

सगळंच करतो असं ते सांगत नाहीत हे मला पटलं. आमच्यासमोर एकजण स्वतःची जन्मतारीख बदलायला आलेला, म्हणजे जवानाची स्वतःची, पेन्शनीत वीस वर्षं झाल्यावर. त्याला स्पष्ट सांगितलं की भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख आता हलत नाही, माझ्याकडं आणि दुसऱ्या कुणाकडंही पैसे घालवू नका. दुसऱ्याचं डिसॅबिलिटी पेन्शन नाकारलेलं, त्याला मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचा मार्ग सांगितला आणि वकिलाकडं जा म्हणाले. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी तरी कमी बघितलाय.

पैसे सगळे मिळून साहेबांचे सातशे झाले. जाहिरात, पोस्ट, कोर्टाचं काम, झेरॉक्स, गारगोटीच्या फेऱ्या हे आमचं वेगळं. सुरुवातीच्या एजंटाचे साडेतीन हजार आठवले की अजून वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात दुरुस्तीचा ई-पीपीओ स्पर्शवर आला. भाच्यानं प्रिंट काढून दिली. घरी आणून आईला दाखवली, तिला इंग्रजी येत नाही, मला वाच म्हणाली. मी वाचलं. परत वाच म्हणाली. परत वाचलं. मग तिनं विचारलं, "देवी गेलं न्हवं?" गेलं म्हटलं. जन्मतारीख आहे का बघ म्हणाली, आहे म्हटलं, ९ मार्च. आबा कॉटवर बसलेले, त्यांनी प्रिंट मागून घेतली आणि चष्मा लावून स्वतः एकदा वाचली, मग ट्रंकेत मेणकापडात ठेवली. ईसीएचएसच्या कार्डाचं काम आता त्याच नावावर चालू आहे.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, दहालाच पोचा. डिस्चार्ज बुक ओरिजिनल न्या, सगळ्या पानांच्या तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा, कोरी पानंसुद्धा. बुक लॅमिनेट करू नका, आमच्या पुढं एकाचं केलेलं होतं आणि त्यावर नवी नोंद करायला जागाच उरली नव्हती. मेडल असतील तर तीही न्या. आणि ज्यांचं नाव दुरुस्त करायचंय त्या माउलीला सोबत न्या, साहेब पहिला प्रश्न तिलाच विचारतात.